डाव्या हाताचा हेवा

भाद्रपद जवळ आला की बंगलोरच्या एचएसआर लेआउटातल्या आमच्या इमारतीखाली मांडव पडतो आणि कुणीतरी माइकवर फुंकर मारतं. हॅलो, वन टू थ्री, हॅलो. मी चौथ्या मजल्यावर पेपर वाचत बसलेला असतो. हॅलो ऐकलं की माझा डावा हात मांडीवरून आपोआप उचलला जातो, पेटीचा भाता ओढायला. पेटी घरातून जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण या हाताला ते कुणी कळवलेलं नाही. शालन, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून हे बघते आणि काही बोलत नाही. ती न बोलता जे बघते त्याचा मला जास्त त्रास होतो.

बाहेरच्यांना आमच्याकडचा गणपतीचा हिशेब पटत नाही. पुण्याचे पाहुणे म्हणतात, चतुर्थी होऊन तीन आठवडे झाले, आता कसला गणपती बसवताय? त्यांना काय सांगणार. चतुर्थीला घरचा गणपती बसतो. रस्त्यावरचा बसतो तो गल्लीतल्या पोरांच्या सोयीने, आणि पोरांची सोय ऑर्केस्ट्रा कुठल्या तारखेला मिळतो त्यावर. या गल्लीत या रविवारी, पलीकडच्या क्रॉसला पुढच्या शनिवारी, असं करत करत दिवाळी येते. दिवाळी संपली की कर्नाटक राज्योत्सवाचे कार्यक्रम, ते अख्खा नोव्हेंबर चालतात. नव्वदीच्या दशकात आमच्यासारख्या हौशी वादकांचं वर्ष या अडीच महिन्यांत सामावलेलं असायचं. बाकीचे साडेनऊ महिने आम्ही नोकऱ्या करायचो.

माझी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. आमचं घराणं बंगलोरात कधी आलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही, इतकी वर्षं झाली. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड, आणि मराठीतही एका वाक्याआड 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं. शालन निपाणीची. तिची मराठी माझ्याहून ठसकेबाज आणि कन्नड माझ्याहून शुद्ध. लग्नाच्या आधी ती देवळात भजनं म्हणायची. मी तिला नागराजण्णांच्या ऑर्केस्ट्रात नेलं, आणि तिथं ती गाऊ लागली. हे 'मी नेलं' मी आजही पाहुण्यांना सांगतो. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगतो.

नागराजण्णांचं बंगलोरच्याच शिवाजीनगरला बसस्टँडच्या मागे चपलांचं दुकान होतं. दुकानाच्या माळ्यावर, खोक्यांच्या राशींमध्ये, दर रविवारी सकाळी तालीम चालायची. नव्या चामड्याचा वास, खालून बिर्याणीच्या देगेखालचा धूर, बसवाल्यांच्या आरोळ्या, आणि मधोमध आम्ही सात-आठ जण मांडी घालून. मी पेटीवर. पेटी मी चिकपेटेत एका जुन्या सामानवाल्याकडून घेतली होती. सूर गोड, पण भात्याला एक चीर. दर मोसमाआधी मी सरस लावून कापडाची पट्टी चिकटवायचो आणि आठ दिवसांत ती पुन्हा फुसफुसायला लागायची. लांब ओळीला वारा पुरायचा नाही. पण त्यावर माझ्यापुरती सोय निघाली होती.

सोय अशी. शालनला एक खोड होती. एखादी लांब ओळ गाताना शेवटच्या शब्दाआधी ती थांबायची. श्वास घेण्याएवढंच नव्हे, त्याहून थोडं जास्त. शब्द आता येणार, येणार, असं वाटायचं आणि ती तो द्यायचीच नाही. मग अगदी हलकेच द्यायची. खाली बसलेली माणसं त्या जागेला मान हलवायची. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं तर ती जागा यायच्या आधीच एकमेकांना कोपराने खुणावायची. तेवढ्या वेळात मी भाता पुरता भरून घ्यायचो आणि तिच्या शब्दाला भरघोस सूर द्यायचो. आमचं हे इतकं जमलं होतं की लोक म्हणायचे, नवरा-बायको आहेत, म्हणून जमतं. मला ते ऐकायला फार आवडायचं. आवडायचं हा शब्दही कमीच आहे.

मग विन्सेंट आला.

तो दिवसा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या तयार करायचा आणि रविवारी पहाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. तिथून थेट आमच्या माळ्यावर. बारीक, काळासावळा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने पाठीवरून एक लांब पिशवी उतरवली, त्यातून जपानी कीबोर्ड काढला, चपलांच्या चार खोक्यांवर आडवा ठेवला आणि वायर जोडली. डाव्या हाताची तीन बोटं त्याने पट्ट्यांवर ठेवली मात्र, ढोलक सुरू झाला, गिटार सुरू झाली, खाली जाड आवाजाचं बेस सुरू झालं. माळ्यावर आम्ही आठ होतो ते एकदम बारा झालो. आमचा ढोलकवाला रफीक ढोलक मांडीवर घेऊन बघतच राहिला. नागराजण्णा चपलांच्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "अब्बा, चन्नागिदे." छान आहे. कौतुकाचं बोलणं त्यांच्या तोंडून महिन्यातून एकदा निघायचं, आणि ते बहुतेक माझ्यासाठी राखीव असायचं.

हे जे यंत्र डाव्या हाताने सूर दाबला की सगळी साथ आपोआप वाजवतं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. यंत्राचं काय एवढं. मला बोचला तो त्याचा डावा हात. उजव्या हाताने तो जे वाजवायचा ते मीही वाजवलं असतं, कदाचित जास्त गोड. पण त्याचा डावा हात वेगळाच माणूस होता. तो हात शिकलेला होता. गाणं कुठे वळणार आहे हे त्या हाताला गाण्याच्या आधी कळायचं. उदास ओळ आली की तीनपैकी एकच बोट तो किंचित सरकवायचा आणि सगळ्या माळ्यावर ढग आल्यासारखं व्हायचं. आणि माझा डावा हात? पंधरा वर्षं त्याने एकच काम केलं होतं, भाता पुढे ढकलायचा, भाता मागे ओढायचा. हमालाचं काम. मी पेटीवर असताना मला कधी वाटलं नव्हतं की माझ्याकडे एकच हात आहे. विन्सेंट आल्यावर वाटलं.

मी हेवेखोर माणूस आहे, हे मी लपवत नाही. शाळेत पुढच्या बाकावरच्या मुलाच्या अक्षराचा मला हेवा वाटायचा, कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या केसांचा. पण ते हेवे वरवरचे होते, चहाबरोबर गिळता यायचे. हा घशात अडकला. कारण त्या पहिल्याच रविवारी नागराजण्णा म्हणाले, शालनम्मा, तुम्ही विन्सेंटबरोबर एक घेऊन बघा. शालनने घेतलं. तीच लांब ओळ, तीच शेवटच्या शब्दाआधीची जागा. ती थांबली. विन्सेंटने डावा हात पट्ट्यांवरून उचलला. ढोलक, गिटार, बेस, सगळं गप्प. माळ्यावर फक्त खालच्या बसचं इंजिन ऐकू येत होतं. तिने शब्द दिला, त्याने हात टेकवला, आणि सगळं तिच्यामागे हलकेच पुन्हा सुरू झालं.

ती माझ्याबरोबर कधी इतकी चांगली गायली नव्हती. हे मला कळलं, तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं.

तो तिला अक्का म्हणायचा. मला अण्णा. दोघांना चहाचा पेला स्वतः आणून द्यायचा, तिला कमी साखरेचा. त्यामुळे हेव्याला भांडणाचं तोंडही फुटायची सोय नव्हती. नवऱ्याने संशय घ्यावा असं तिथं काहीच नव्हतं. संशय असता तर बरं झालं असतं, चार भांडी आपटून मोकळा झालो असतो. माझी तक्रार काय होती? माझी बायको दुसऱ्या माणसाच्या डाव्या हाताबरोबर चांगलं गाते. ही तक्रार कुणाकडे नेणार?

त्या दिवसांत श्रावणातली भुरभुर होती, बंगलोरची, जिच्यात छत्री उघडायची लाज वाटते आणि न उघडावी तर शर्ट अंगाला चिकटतो. आम्ही स्कूटरवरून घरी यायचो, पेटी आमच्या दोघांच्या मध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. एरवी ती मागून काहीतरी गुणगुणायची. त्या रविवारी ती गुणगुणत होती तेच गाणं, आणि थांबायच्या जागी थांबत होती, आणि त्या थांबण्यात मला विन्सेंटचा उचललेला हात दिसत होता.

घरी आल्यावर मी म्हणालो, "चांगला वाजवतो की तो."

"हां, वाजवतो की." ती भाजी निवडत होती.

"मशीन आहे म्हणा."

"मशीन असली म्हणून काय झालं वो. हात लागतोच की."

"माझ्याला काय हात नाही?"

तिने मान वर केली. "मी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीत लागली. घेतलं नव्हतं, हेच तर लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डाव्या हाताला शाळेत घातलं. ऑफिसच्या टेबलावर तीन बोटं ठेवायचो, उचलायचो, सरकवायचो. बसमध्ये समोरच्या सीटच्या दांड्यावर. रात्रीच्या जेवणात उजव्या हाताने घास आणि डाव्याने ताटाच्या कडेला सूर. मुलगा निखिल तेव्हा सहा वर्षांचा होता. तो ते बघून तसंच करायला लागला आणि त्याला आठ दिवसांत जमलं. मला नाही. माझी तीन बोटं एकत्र उतरायचीच नाहीत, एक आधी, दोन मागाहून. पंधरा वर्षांच्या हमालाला एका महिन्यात कारकून करायला निघालो होतो मी.

लहान माणसाला लहान आनंद पुरतात. एका रविवारी विन्सेंटच्या एक्स्टेंशन बोर्डात पाणी गेलं आणि त्याचा कीबोर्ड तासभर मुका झाला. मी पेटी पुढे ओढली आणि म्हणालो, ह्याला वीज लागत नाही. सगळे हसले, विन्सेंटही हसला, मनापासून. तो मनापासून हसला म्हणून माझा आनंद गेला.

गणपती झाले. माझी पेटी आणि त्याचा कीबोर्ड अशी दोन्ही वाजली. दसऱ्याच्या सुमारास नागराजण्णांनी मला दुकानात बोलावलं. एका गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवता चढवता, वर न बघता ते म्हणाले, "हे बघ, लोकांना आता पेटी नको. पेटी देवळात. राज्योत्सवाला तू कीबोर्ड आणलास तर शालनम्माची गाणी तुझ्याकडे, बाकीची विन्सेंटकडे. नाही आणलास तर सगळी विन्सेंटकडे. मला काय, तू माझा जुना माणूस." मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "चालून बघा स्वल्प."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. शालनच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसणार. जगाच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. मला मात्र त्या महिन्यात दुसरा कुठला प्रश्न सुचत नव्हता.

आता विकत घ्यायचं तर मला त्यातलं काय कळणार? आणि ज्याला कळत होतं असा माझ्या ओळखीचा माणूस एकच. त्यालाच विचारावं लागलं. हेवा माणसाला किती खाली आणतो ते तेव्हा समजलं. विन्सेंट लगेच म्हणाला, "सरी अण्णा, शनिवारी जाऊ," आणि शनिवारी अर्धी सुट्टी काढून, नखांत कवळ्यांचं गुलाबी मेण तसंच ठेवून, शिवाजीनगरच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन उभा राहिला. मी पेटी घेऊन आलो होतो. तिथल्या गल्लीतला वाद्यांचा दुकानदार जुनं वाद्य बदल्यात घ्यायला तयार होता.

गल्लीतलं ते दुकान अरुंद होतं आणि भिंतभर कीबोर्ड उभे. दुकानदाराने पेटीचा भाता एकदा ओढला, कान लावला, "गळतंय," म्हणाला आणि कोपऱ्यात सरकवली. माझे डोळे भिंतीवर होते. विन्सेंट एकेक वाद्य वाजवून बघत होता. तो ताल-बिल बघत नव्हता. प्रत्येकाची डावीकडची बटणं बघत होता, एक विशिष्ट बटण. शेवटी एका साध्या, छोट्या, एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डपाशी थांबला.

"अण्णा, हा घ्या. हे बघा." त्याने एक बटण दाबलं, डावा हात टेकवला, साथ सुरू झाली. हात उचलला, साथ थांबली. टेकवला, सुरू. उचलला, थांबली. "हात उचलला की थांबतो. माझ्यात आहे ते हेच बटण. तुम्हाला एवढंच पाहिजे. बाकी सगळं जास्तीचं."

तुम्हाला एवढंच पाहिजे. हे वाक्य मी पुढे कितीदा तरी मनात वाजवून बघितलं आहे. त्या शनिवारी मला त्यात एकच ऐकू आलं: तुझी लायकी एवढीच. त्याच्या शेजारी भिंतीवर एक मोठा होता. शहात्तर पट्ट्या, विन्सेंटच्या कीबोर्डपेक्षा पंधरा जास्त. फ्लॉपी घालायची फट, निळ्या काचेत अक्षरं, शंभरावर ताल. दुकानदाराने डेमोचं बटण दाबलं आणि त्या यंत्राने, कुणाचाही हात न लागता, असा काही थाट केला की रस्त्यावरची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

"ह्यात ते बटण नाही, अण्णा," विन्सेंट हळूच म्हणाला.

"कुठलं?"

"थांबायचं."

मी म्हणालो, "थांबणारा बाजा कशाला विन्सेंट? थांबायचंच होतं तर माझी पेटी काय वाईट होती?" हे बोलताना मला आपण फार चतुर वाटलो. दुकानदार हसला. विन्सेंटने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. मग त्याने तो मोठा कीबोर्ड उचलून माझ्या स्कूटरवर दोरीने नीट बांधून दिला. निघताना मला दुकानाच्या कोपऱ्यात पेटी दिसली. कुणीतरी तिच्यावर तबल्याच्या दोन चुंबळी ठेवल्या होत्या.

दोन आठवडे मी सराव केला. तीन बोटांचं जमत नव्हतं, पण त्या यंत्रात एका बोटाची सोय होती. एक पट्टी दाबा, बाकीचं ते बघून घेतं. मला वाटलं, झालं. ऑफिसात मी डावा हात खिशात घालून ऐटीत चालायला लागलो. शालनला घरी म्हणायचो, घे की, एकदा घेऊ. ती म्हणायची, घेऊ की कार्यक्रमातच, मला आता कुकर लावायचाय. मी यंत्राला घाबरलेलो आहे हे तिला कळलं होतं की काय, कोण जाणे. ती माझं वाजवणं स्वयंपाकघरातून ऐकायची मात्र, हे मला माहीत होतं, कारण त्या वेळात कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची विसरायची.

राज्योत्सवाचा आमचा पहिला कार्यक्रम एका वसाहतीच्या मैदानात होता. लाल-पिवळे झेंडे, पताका, संध्याकाळी सहालाच भरलेलं मैदान, पुढे सतरंजीवर बायका आणि मुलं, मागे खुर्च्या, त्याच्या मागे मक्याची कणसं भाजणारा. स्टेजवर उजवीकडे विन्सेंट, त्याच्याशेजारी मी, आणि माझ्या पुढ्यात दीड हातावर शालन, मोरपंखी साडीत, माइकची उंची कमी करत. माझा कीबोर्ड विन्सेंटच्यापेक्षा वीतभर लांब होता आणि खालून तो दिसत होता. त्या क्षणी मी सुखी होतो. ते कबूल केलं पाहिजे.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ छान गेली. माझं एक बोट, यंत्राचे दहा-बारा जण. मग लांब ओळ आली. शालन शेवटच्या शब्दाआधी थांबली.

यंत्र थांबलं नाही. ढोलक पुढे, बेस पुढे. मी बोट उचललं, तरी ते चालूच. तिने शब्द दिला तोवर ताल निम्मा पुढे गेला होता. तिने सावरलं, पुढची ओळ पकडली, पण जागा पुन्हा आली आणि ती पुन्हा थांबली. तिने थांबायला नको होतं, थांबली नसती तर निभावलं असतं. पण तिला न थांबता येईना. पुढच्या रांगेतला एक म्हातारा कोपराने खुणावणार होता तो तसाच राहिला. मी बटणं शोधत होतो. निळ्या काचेत अक्षरं पळत होती आणि मला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. तिने मान किंचित मागे वळवली. माझ्याकडे वळवली असंच मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.

तेवढ्यात माझ्या उजवीकडून एक हात आला. विन्सेंटचा डावा हात. तो माझ्या कीबोर्डवर आला, नेमकं सगळं बंद करायचं बटण दाबलं आणि परत गेला. सगळं गप्प झालं. मैदानावर फक्त कणसं तडतडण्याचा आवाज. तिने तिची जागा घेतली, पुरती घेतली, शब्द दिला, आणि विन्सेंटने स्वतःच्या कीबोर्डवर तीन बोटं टेकवली. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. मी उरलेलं गाणं दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं.

घरी गेल्यावर तिने उपमा केला. मी म्हणालो, "माझ्या बाजाला हात लावायला त्याला कुणी सांगितलं होतं?"

ती म्हणाली, "कुणीतरी थांबवायला पाहिजे होतं की वो."

त्यानंतर मी ऑर्केस्ट्रात गेलो नाही. ऑफिसात काम वाढलंय असं सांगितलं. ती आणखी दोन मोसम विन्सेंटबरोबर गायली. मी तिला स्कूटरवरून सोडायचो, आणायचो, आणि मधल्या वेळात मैदानाबाहेर कॉफी पीत उभा राहायचो. तिच्या थांबण्याची जागा आली की बाहेर कळायचं, कारण सगळं एकदम शांत व्हायचं. त्या शांततेला मी किती शिव्या दिल्या असतील. मग विन्सेंट मस्कतला कुठल्याशा हॉटेलात वाजवायला गेला. जाण्याआधी घरी येऊन पाया पडला, दोघांच्या. तिने गाणं सोडलं, का ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. तो शहात्तर पट्ट्यांचा ऐवज खाटेखाली गेला.

या वर्षी इमारतीच्या कमिटीतल्या मुली आल्या आणि म्हणाल्या, काकू, तुम्ही गायचात म्हणे, म्हणा ना एक. शालन मला न विचारता हो म्हणाली. निखिल आता मारतहळ्ळीला कंपनीत जातो, तो मोबाइल पुढे करून म्हणाला, "पप्पा, एक कीबोर्ड ऑर्डर करूया. फीचर्स बघ, हजार टोन्स आहेत ह्यात."

"डावा हात उचलला की थांबतो का बघ," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ते बटण आहे का तेवढं बघ. बाकी सगळं जास्तीचं."

त्याला ते बटण सापडलं. आता सगळ्याच वाद्यांत असतं म्हणे. कीबोर्ड आला. कधीतरी माझ्या तीन बोटांना एकत्र उतरायचं शहाणपणही आलं होतं, रिटायर झाल्यावर, टेबलाच्या कडेवर. परवा दुपारी आम्ही बसलो. ती खुर्चीत, मी पलंगावर. आवाज थोडा खाली आला आहे तिचा, पण ओळ तीच. लांब ओळ आली. ती थांबली. मी हात उचलला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. तिने शब्द दिला, मी हात टेकवला.

जमलं. आणि जमल्याबरोबर तोच जुना हेवा वर आला, अजिबात न झिजलेला. एका रविवारात विन्सेंटला ही जागा कळली आणि तिच्यासाठी तो दुकानभर एक बटण शोधत फिरला. मला पंचवीस वर्षं लागली. न राहवून मी विचारलं, "तू तिथं थांबतेस ते का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "का म्हणजे? तुमची पेटी गळायची की."

"मग?"

"मग काय वो. लांब ओळीला तुम्हाला वारा पुरायचा नाही. मध्येच सूर तुटायचा, तुम्ही घामाघूम होऊन भाता ओढायचा. लोकांना कळू नये म्हणून मीच तिथं थांबायला लागले. तुमचा भाता भरेपर्यंत. पुढं सवयच झाली, आता थांबल्याशिवाय गाताच येत नाही."

 आजवर मला वाटत होतं, ती थांबते म्हणून मी भाता भरून घेतो.

"विन्सेंटला हे माहीत होतं?"

"होतं की. पहिल्याच आठवड्यात विचारलं त्यानं, अक्का, तुम्ही तिथं का थांबता. मी सांगितलं. म्हणाला, अण्णांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

"आणि मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. रागाने नाही. भाजी आणली का, असं विचारावं तसं. मग पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "चला, परत घ्या. पहिल्यापासून."

मी तीन बोटं टेकवली. खाली मांडवात कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. विन्सेंटने विचारलं आणि मी नाही, हे मला खुपतच होतं, आता मेलो तरी खुपेल. त्या विचारात लांब ओळ कधी आली ते कळलं नाही आणि हात उचलायचा राहून गेला. ढोलक पुढे गेला, बेस पुढे गेलं. शालन शेवटच्या शब्दाआधी थांबून राहिली होती, माझ्याकडे न बघता.